जाळाविना लाल

गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीचं नाव काढलं की लोक विमानतळाबद्दल बोलू लागतात. १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. माझे पाय मात्र राईस मिलकडे वळतात. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, आणि मिल आली की शाफ्ट आले, बेअरिंग आले.

अशाच एका मिलमध्ये फिटरदादा नवं बेअरिंग गॅसच्या टॉर्चवर तापवत होते. बोलण्याच्या नादात जाळ एका जागी जास्त लागला आणि पोलाद निळं पडलं. निळं पडलं म्हणजे कडकपणा गेला. बेअरिंग भंगारात!

पुढच्या खेपेला तिथं इंडक्शन हीटर आला होता. लोखंडी पट्टीत बेअरिंग अडकवलं, बटण दाबलं. ना जाळ, ना धूर. थोड्याच वेळात ११० अंश झाले आणि तेलाच्या हातावर बांगडी चढावी तसं ते शाफ्टवर सरकलं. ५० मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापलं की जेमतेम ०.०५ मिलिमीटर मोठं होतं. पण फिटरचा घण वाचवायला तेवढं पुरतं. मी पट्टीला बोट लावून पाहिलं, ती कोमटच होती.

हा एक ट्रान्सफॉर्मरच आहे. एका बाजूला तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूला बेअरिंग हाच एकुलता एक वेढा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्यात वीज फिरते आणि धातूच्या विरोधामुळे उष्णता धातूतच जन्मते. फॅरेडेनं १८३१ मध्ये हे तत्त्व दाखवलं, विसाव्या शतकात त्याच्या भट्ट्या झाल्या. जालन्यात आज अशाच भट्ट्यांत भंगार वितळवून सळ्यांचं पोलाद तयार होतं. इतिहास एवढा पुरे, कारण मला सांगायचंय ते वेगळंच.

मला वेड आहे ते खोलीचं. बदलती वीज धातूच्या पृष्ठभागालगतच धावते आणि तिच्या बदलाचा वेग, म्हणजे फ्रिक्वेन्सी, जितकी जास्त तितका थर पातळ. लालभडक तापलेल्या पोलादात ५० हर्ट्झला हा थर सुमारे ७५ मिलिमीटर असतो, १० किलोहर्ट्झला ५ आणि ३०० किलोहर्ट्झला जेमतेम १. म्हणून जाड सळई घडाईसाठी आतपर्यंत तापवायची तर कमी फ्रिक्वेन्सी. गिअरचे दात फक्त वरून कडक करायचे आणि गाभा चिवट ठेवायचा, तर जास्त. एकाच वीजजोडणीवर हवा तेवढाच थर निवडून तापवणारं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

आमच्या भागातला लोहार रंग बघून ताप ओळखतो. त्याला एक गंमत सांगावी: ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं सोडतं. इंडक्शन यंत्रालाही तो क्षण कळतो. तिथून पुढं लोखंड पूर्वीच्या सहजतेनं तापत नाही, उष्णताही आणखी खोलवर जाते.

वेल्डिंगमध्ये याचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. एक, पाइप बनवताना: पट्टी गोल वळवून तिच्या दोन कडा शेकडो किलोहर्ट्झनं तापवतात आणि रोलरखाली दाबून जोडतात. ना वेल्डिंग रॉड, ना भरणा. दोन, प्रीहीटसाठी. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांत प्रचंड दाबाच्या वाफेचे पाइप क्रोमियमयुक्त पोलादाचे असतात. ते थंड ठेवून जोडले तर सांध्याला तडा जाण्याची भीती. म्हणून पाइपला केबलचे वेढे गुंडाळून आधी सुमारे २०० अंशांपर्यंत तापवता येतं. वेल्डर उघड्या जाळाजवळ घामाघूम होत नाही आणि उष्णताही चहूबाजूंनी सारखी राहते.

यंत्राच्या खोडीही सांगायला हव्यात. भट्ट्या आणि गिअर कडक करणाऱ्या यंत्रांत कॉइल, म्हणजे वेढा, पोकळ तांब्याच्या नळीची असते, तिच्यातून सतत पाणी वाहतं. पाणी थांबलं की कॉइल वितळण्याचा धोका. शिवाय कामाचा आकार बदलला की बहुतेक वेळा कॉइलही नवी लागते.

दुकानदार तुम्हाला यंत्र किती किलोवॅटचं ते सांगेल. तुम्ही आधी विचारा, किती हर्ट्झचं? उत्तरावरून त्याला यंत्र कळतं की फक्त विकता येतं, ते समजेल.