पेटीवर मधली जागा कशी भरावी?

धान कापून, चुरून घरात आले की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आता असे समजा, की रात्रीचे दोन वाजले आहेत. थंडी मी म्हणते आहे. बायाबापड्या लेकरांना शालीत गुंडाळून बसल्या आहेत. रंगमंचावर नायिका पद म्हणते आहे. दोन ओळी झाल्या आणि ती श्वास घ्यायला थांबली. तबला चालूच आहे. आठ मात्रांची जागा मोकळी पडली. ही जागा भरायची कोणी? पेटीवाल्याने. तिथे त्याने काय वाजवायचे, हे कुठल्याही वहीत लिहिलेले नसते. ते त्याला त्याच क्षणी सुचावे लागते. सुचले तर पद उभे राहते, न सुचले तर ती आठ मात्रांची जागा आठ कोसांची वाटते.

पुष्कळ लोक म्हणतात, “हे सुचणे म्हणजे देवाची देणगी आहे. कोणाला असते, कोणाला नसते.” मला आज तुमच्यापुढे नेमके याच्या उलट मांडायचे आहे. देणगी असेल तर उत्तमच. पण मधली जागा भरण्याची एक रीत आहे. ती डोळ्यांनी शिकता येते, आणि गावातल्या साध्या मुलालाही येते. विशेषतः आमच्या गुरुजींनी हे ऐकावे, कारण शाळेतली पेटी बहुधा त्यांच्याच ताब्यात असते.

प्रथम आपण चुकतो कुठे ते पाहू. आपण मुलाला सारेगमपधनीसा असे ओळीने घोकायला लावतो. मुलगा ते दोरीसारखे पाठ करतो. एका टोकाला धरून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, आणि परत यायचे. मधेच सोडले तर त्याला पुन्हा सा पासून सुरुवात करावी लागते. सगळे स्वर त्याला सारखेच. पण गाण्यात सगळे स्वर सारखे नसतात. काही स्वर थांबण्याचे, काही जाण्यायेण्याचे.

धानाच्या बांधीतून कसे चालतो, ते आठवा. पाय धुऱ्यावर ठेवतो. कधी एखादे पाऊल चिखलात पडते; त्यात बिघडत नाही, पण पुढचे पाऊल आपण पुन्हा धुऱ्यावर आणतो. पेटीवरही तसेच. सा, ग आणि प हे तीन स्वर म्हणजे आपला धुरा. रे, म, ध, नी यांवरून जावे, खुशाल जावे, पण मुक्कामाला या तिघांपैकी एकावर यावे. या तिघांचे इतके जमते याला कारण आहे. मूळ शुद्ध स्वरांत सा ची चार कंपने होतात तेवढ्यात ग ची पाच आणि प ची सहा होतात. असा सोपा हिशोब असला की कानाला गोडवा वाटतो. इंग्रजी संगीतात अशा एकत्र वाजणाऱ्या स्वरांना कॉर्ड म्हणतात. आपण त्याला त्रिकूट म्हणू.

आता मुख्य गोष्ट. हे त्रिकूट नावाने पाठ करू नका, त्याचा आकार पाहा. अंगठा सा वर, मधले बोट ग वर, करंगळी प वर ठेवा आणि हाताकडे नीट पाहा. कुठली पट्टी पांढरी, कुठली काळी, मधे किती पट्ट्या सुटल्या, हे चित्र मनात बसू द्या. मग हात उचला, डोळे मिटा, आणि ते चित्र दिसते का पाहा. दिसले, तर अर्धे काम झाले.

तुम्ही म्हणाल, “एक चित्र पाठ केले, पण गाणारा बदलला की पट्टी बदलते. त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. झाडीपट्टीच्या नाटकात तर हे नेहमीचेच. पुरुष नट काळी एक किंवा पांढरी दोन मध्ये गातो, बाईचा आवाज काळी चार किंवा काळी पाचला लागतो. आणि घसा बसला असेल तर ऐन वेळी पट्टी उतरवावी लागते. पेटीच्या सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या. म्हणजे बारा सा झाले. पण भिण्याचे कारण नाही. बाराच्या बारा चित्रे निराळी नसतात.

पाहा. पांढरी एक, पांढरी चार, पांढरी पाच: या तिन्हींपासून सा-ग-प घेतले तर तिन्ही पट्ट्या पांढऱ्याच येतात. पांढरी दोन, तीन आणि सहा यांपासून घेतले, तर पांढरी-काळी-पांढरी. काळी एक, दोन आणि चार यांपासून घेतले, तर काळी-पांढरी-काळी. झाल्या नऊ पट्ट्या, आणि चित्रे तीनच! राहिल्या तीन. काळी तीनपासून सगळ्या काळ्या. काळी पाचपासून एक काळी आणि दोन पांढऱ्या. पांढरी सातपासून एक पांढरी आणि दोन काळ्या. अशी एकंदर सहा घराणी. बारा भावांची सहा घरे आहेत एवढे ध्यानात धरले, की काळी एकचा नट जाऊन काळी चारची नटी आली तरी हाताचा आकार तोच राहतो, फक्त हात सरकतो.

याच्या पुढची पायरी अशी. गाणे नेहमी सा च्या घरीच थांबत नाही. कधी ओळ म वर टेकते, कधी प वर. तेव्हा त्रिकूटही बदलावे: म-ध-वरचा सा, किंवा प-नी-वरचा रे. गंमत पाहा, या तीन त्रिकुटांत मिळून सातही शुद्ध स्वर आले. समजा सा काळी एक आहे. मग पहिले त्रिकूट काळी-पांढरी-काळी, म चे त्रिकूट सगळे काळे, प चे पुन्हा काळी-पांढरी-काळी. गाणारी जिथे थांबली तिथले त्रिकूट मनात आणायचे आणि त्यातल्याच एखाद्या स्वरावरून पाऊल उचलायचे. मग “आता काय वाजवू?” असा प्रश्न पडत नाही. “यातल्या कुठल्या स्वरावर जाऊ?” एवढाच प्रश्न उरतो.

भैरवीत ग कोमल असतो. तिथे काय करायचे? फक्त मधले बोट एक पट्टी खाली आणायचे. काळी एकच्या सा ला ते पांढरी चारवरून पांढरी तीनवर येते. धुरा तोच, वळण थोडे निराळे.

मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. राग म्हणजे नुसते त्रिकूट नव्हे. मालकंसात प नाही, दुर्गेत ग नाही. तिथे सा-ग-प चा धुरा चालणार नाही. सा-म-ध चा घ्यावा लागेल. रागाने जो स्वर घराबाहेर ठेवला आहे, त्याला आपण पाहुणा म्हणून आत बोलावू नये.

नवशिक्या मुलाला पहिला धडा मी असा देईन. सा काळी तीनला धर आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर बोट फिरव. पाच काळ्या पट्ट्यांत सा रे ग प ध हे पाचच स्वर येतात, म्हणजे भूप. बोट कुठेही पडो, बेसूर होत नाही. मुलाला धीर येतो. मग त्याला म्हणावे, “पट्ट्या त्याच ठेव, पण सा काळी एकला मान आणि तिथेच येऊन थांब.” तोच हात दुर्गा वाजवू लागतो. काळी पाचला सा मानला तर मालकंस, काळी दोनला धानी. पट्ट्या पाचच, घर बदलले की राग बदलला. मुक्कामाचा स्वर म्हणजे काय, हे मुलाला तासभर समजावून सांगण्यापेक्षा हा खेळ दहा मिनिटांत शिकवतो.

ही रीत केवळ आपल्या पेटीची नाही. गिटार नावाचे सहा तारांचे वाद्य तुम्ही सिनेमाच्या गाण्यात ऐकलेच आहे. गिटारवाला डाव्या हाताने एकाच वेळी दोन-तीन किंवा अधिक तारा दाबतो; ते त्याचे त्रिकूट. तिथे काळे-पांढरे असे काही नाही. तोच आकार दोन पडदे पुढे सरकवला की तेच त्रिकूट एक स्वर चढते. जागच्या जागी नवे वाजवणारे पुष्कळ गिटारवादक मनात हा आकार धरतात आणि त्याच्या अंगाखांद्यावरून बोटे फिरवतात. युरोपात जँगो राइनहार्ट नावाचा एक भटक्या जमातीतला वादक होऊन गेला. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची अधू झाली. सुरावटीच्या जागा तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनी वाजवू लागला, आणि जगभर नाव झाले. त्याच्या वादनात कॉर्डच्या आकारांवरून धावणाऱ्या सुरावटी जागोजाग सापडतात. आपल्या मुलांना तर पाची बोटे शाबूत आहेत!

आपल्याकडे पेटी परदेशातून आली, हे खरे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ती तयार झाली, कलकत्त्याला तिला हाताचा भाता मिळाला, आणि मग ती किर्तनात, भजनात, नाटकात शिरली. तिच्यावर टीकाही झाली. आकाशवाणीने 1940 साली तिला बंदी केली आणि ती 1971 पर्यंत टिकली. आक्षेप असा, की पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज असतात. तो अगदीच खोटा नव्हता. पेटीचा शुद्ध ग मूळ स्वराहून किंचित चढाच असतो. पण याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी रसिकांना डोलवले. 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाचे संगीत त्यांचेच. वाद्याची मर्यादा वादकाने ओळखली की तिच्यातूनही वाट निघते.

आता सराव कसा करावा? तीन गोष्टी सांगतो. पहिली: पेटी जवळ नसतानाही पाटीवर किंवा कागदावर पट्ट्या काढा आणि त्रिकुटाच्या पट्ट्यांवर खूण करा. ज्याच्या घरी पेटी नाही तो मुलगाही एवढे करू शकतो. दुसरी: जे वाजवाल ते आधी तोंडाने म्हणा. बोटे नुसती धावू लागली की ती बडबड होते. गळ्यातून आले की त्याला अर्थ येतो. तिसरी: थोडके वाजवा. आठ मात्रा मोकळ्या असतील तर सहा भरा, दोन गाणाऱ्याला श्वासासाठी ठेवा, आणि तिची पुढची ओळ ज्या स्वरावर सुरू होते त्याच्या शेजारी नेऊन थांबा. पेटीवाल्याने वाट दाखवून बाजूला व्हावे.

गुरुजींना एक विनंती. रोजच्या प्रार्थनेत दोन कडव्यांच्या मधे आठ मात्रा मोकळ्या सोडा आणि दर दिवशी एका मुलाला त्या भरू द्या. चुकेल, मुले हसतील, गुरुजींनी हसू नये. “घाबरतेस कायले गा? धुऱ्यावर ये,” एवढेच म्हणावे. गावच्या खंजिरी भजनातही हे करता येईल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्या भागात भजनमंडळे गावोगाव रुजली आहेत. तिथल्या पेटीवाल्याशेजारी एक पोरगा बसवला, तर त्याच्यासारखी शाळा नाही.

एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. आता कीबोर्ड आला आहे. त्यात एक बटण असते. ते दाबले की पट्टी आपोआप बदलते, आणि वाजवणारा कायम पांढरी एकच्याच चित्रावर बोटे ठेवून बसतो. बटण वाईट नाही. अडल्या वेळी कामाला येते. पण दुसरी चित्रे शिकलाच नाही, त्याची वीज गेली की विद्याही गेली. वडशाच्या नाटक कंपन्या हंगामभर गावोगाव फिरतात. आपल्या कुरखेडा तालुक्यातले नट डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची छाती फुगली. नट आपल्या मातीतले निघाले. त्यांच्या पुढ्यात बसून वाजवणारेही आपल्याच मातीतले निघावेत. नाही तर उद्या पद आपले, गाणारी आपली, आणि मधली जागा मात्र यंत्रात भरून ठेवलेली, असे होईल.

तेव्हा आज रात्री पेटी उघडा. भाता हलकेच चालवा, काळी तीनला सा धरा, तीन बोटांचा आकार पाहून घ्या आणि डोळे मिटा. पुढचे पाऊल कुठे टाकायचे, ते तुमचे तुम्हालाच दिसू लागेल.