जात्यावरची ओवी, पडद्यावरची वारी

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला पहिली पाळी सुटलेले कामगार कंपनीच्या गणवेशातच उभे असतात. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. पालखीचे चित्रण भरपूर होते, पण त्या गर्दीतल्या एखाद्या माळकरी म्हातारीला तिचे गाव विचारून तिचे बोलणे टिपणारा क्वचितच दिसतो. माहितीपट मात्र त्या विचारण्यातूनच सुरू होतो.

आपल्या वारीवर आस्थेने कॅमेरा रोखणाऱ्यांत दोन जर्मन माणसे होती. ग्युंथर सोन्थायमर हे हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक. हिंदू कायद्याच्या अभ्यासातून ते महाराष्ट्रात आले आणि धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबात रमले. हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी 1989 साली पंढरीच्या वाटेवरचा ‘वारी’ हा माहितीपट केला. सोन्थायमर 1992 साली गेले. वर्षानुवर्षे धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांच्या कथा-ओव्या ऐकलेला हा माणूस होता, म्हणून माझ्या लेखी त्यांच्या चित्रणाचे मोल पाहुण्याच्या कुतूहलापेक्षा फार मोठे आहे.

आपल्याच औद्योगिक पट्ट्यात, चाकणला, 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. याच कंपनीचा मोठा कारखाना मेक्सिकोत पुएब्लाला आहे. त्या देशातही यंत्रांच्या शेजारी जुन्या वाटा चालणारी माणसे आहेत. निकोलास एचेवारिया यांच्या 2014 सालच्या ‘डोंगराचा प्रतिध्वनी’ अशा अर्थाच्या माहितीपटात सांतोस दे ला तोर्रे हा विचोल आदिवासी कलावंत भेटतो. त्याचे मण्यांचे भित्तिचित्र पॅरिसच्या मेट्रो स्थानकात लागले, पण उद्घाटनाला त्यालाच बोलावले नव्हते. नवे चित्र करण्याआधी देवांची परवानगी मागायला तो विरिकुता या पवित्र भूमीची यात्रा करतो. शुभकार्याआधी जेजुरीला जाऊन येणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जवळचे आणि मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र आपल्या शेजारच्या मुळशी खोऱ्यात सुरू झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या, एक लाखाहून अधिक ओव्या! बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रण जपले. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने 2017 पासून त्या लोकांसमोर आणल्या, गावोगावी पुन्हा जाऊन गाणाऱ्या बायकांचे चित्रण केले. सासुरवास, भावाची वाट, आंबेडकरांवरची माया, विठ्ठलाशी भांडण... सगळे त्यांत आहे. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि दळताना सुचणारे गाणे मुके झाले. हातांच्या लयीला घट्ट बांधलेले होते ते.

चाकणजवळच्या म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथली शेते कारखान्यांखाली गेली, तरी त्या शेतांत राबलेल्या आजी अजून घरात आहेत. भोसरी-चिखलीच्या चाळींत मराठवाड्यातून आलेल्या आईही आहेत. त्यांच्या ओव्या इथल्या ओव्यांपेक्षा वेगळ्या. या ओव्या टिपायला मोठा कॅमेरा लागत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत फराळ झाला की पंखा बंद करा, मोबाइल आजीच्या जवळ ठेवा आणि तिला गाऊ द्या. तिचे नाव, माहेर, सासर आणि तारीख आधी बोलून घ्या. ओवी अर्धीच आठवली, तरी मध्येच थांबवू नका.