आखातातली खोली आणि गावचा टीव्ही : पनवेलच्या दुकानदाराने काय सांगून विकावे?

पनवेलला टपाल नाक्याजवळ एका परिचिताचे टीव्ही व डिश दुरुस्तीचे दुकान आहे. रमजानच्या आधी तेथे बसलो असता एक तरुण आला. रियाधला एसी मेकॅनिक, सुट्टी संपत आलेली, शनिवारचे विमान. म्हणाला, "चाचा, एक डिशचा बॉक्स बांधून द्या, वर्षाचा रिचार्ज मारून. छत्री तिकडे मिळते."

दुकानदाराने बॉक्स काढून काउंटरवर ठेवला, पण बांधला नाही. उलट प्रश्न केले. राहतोस कुठे, कंपनीच्या कॅम्पात की भाड्याच्या खोलीत? गच्चीवर जाऊ देतात का? खोलीतून पूर्वेकडचे आकाश दिसते का? तरुण गोंधळला आणि "विचारून सांगतो" म्हणून निघून गेला. मी म्हटले, "अहो, आलेले गिऱ्हाईक घालवलेत." ते म्हणाले, "आज विकला असता तर दोन महिन्यांनी याची अम्मी बॉक्स परत घेऊन आली असती. ती भांडत नाही, नुसती बाकावर बसून राहते. ते मला नको."

पनवेल, तळोजे, उरण, खालापूर या पट्ट्यात आखातात माणूस नाही असे आपले घर शोधावे लागेल. जाणाऱ्याच्या बॅगेत कोकम, सुके बोंबील, घरचा मसाला हे ठरलेले. त्यात आता बॉक्सची भर पडली आहे. मागणी खरी आहे, कारण दिवसभर परक्या भाषेत राबून आलेल्या माणसाला गावची बातमी, आपली मालिका, मुंबईचा पाऊस आणि शाबानच्या २९ तारखेला इकडे चंद्र दिसला की नाही हे पाहायचे असते. पण या मागणीला आपल्या दुकानातून काय द्यावे व काय देऊ नये, याची समज अनेक व्यावसायिक बंधूंना नाही. म्हणून हा लेख.

प्रथम तांत्रिक बाजू. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आपल्याला एकाच जागी दिसतो. दूरदर्शनची फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ हा उपग्रह २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सोडला गेला व तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पनवेलच्या गच्चीवरून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर असतो. शेजारची तीन मजली इमारत सहसा आड येत नाही. तोच उपग्रह दुबईहून सुमारे ३८ अंशांवर उतरतो आणि रियाधहून ३१ अंशांच्या आसपास, तोही बराचसा पूर्वेकडे सरकून. म्हणजे ज्याच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, किंवा पूर्वेला समोर टॉवर उभा आहे, त्याने कितीही महाग बॉक्स नेला तरी पडदा निळाच राहणार. दुकानदाराने पूर्वेचे आकाश विचारले ते याचसाठी.

दुसरी गोष्ट झोताची. उपग्रह सर्व दिशांना सारखा उजेड पाडणारा कंदील नव्हे. भारतातील डीटीएच सेवा ज्या केयू बँडवर चालतात त्यातला झोत मुद्दाम भारताच्या नकाशावर रोखलेला असतो. त्यामुळेच तर आपल्याकडे दोन फुटी छत्रीवर काम भागते. किनारा सोडून पश्चिमेला जावे तसतशी ताकद घटते. मस्कत आपल्याला सर्वांत जवळ, म्हणून तेथे थोडे सोपे. दुबईला त्याहून अवघड. रियाधला आणखी अवघड. छत्रीचा व्यास दुप्पट केला तर सिग्नल गोळा करणारे क्षेत्रफळ चौपट होते, हे खरे. म्हणून तिकडे लोक चार-सहा फुटी छत्र्या लावतात. पण मोठ्या छत्रीची नजर अरुंद असते. दोन फुटी छत्री दीड अंशाने हलली तरी चित्र टिकते. चार फुटी छत्रीला तेवढ्या चुकीची सवड नाही. वाळूच्या एका वादळात ती सरकते आणि पुन्हा कारागिराला पैसे. एलएनबीसुद्धा पनवेलला बसवतो त्याच कोनात ठेवून चालत नाही, थोडी फिरवावी लागते. ज्या कारागिराने हे काम फक्त इकडे केले आहे त्याने फोनवरून "जरा डावीकडे कर" असे सांगत बसू नये. त्यात दोघांचा वेळ जातो.

जुन्या लोकांना वाटते की पूर्वी हे सोपे होते. एका अर्थाने होते. व्हीसीआरच्या काळात गावाहून येणारा प्रत्येक जण कॅसेटी आणी आणि लग्नाचे चित्रीकरण सगळा मोहल्ला तिकडच्या खोलीत बसून बघे. एशियासॅट-१ हा उपग्रह एप्रिल १९९० मध्ये वर गेला, १९९१ मध्ये स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला. हे सर्व सी बँडवर होते. त्या बँडचे झोत देशांच्या सीमा पाहून आखलेले नसत, फार दूरवर पसरलेले असत. आठ-दहा फुटी जाळीची छत्री लावली की समुद्रापलीकडेही हिंदी कार्यक्रम उतरत. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ ची; तिलाच २००० मध्ये सह्याद्री हे नाव मिळाले. सौदी अरेबियात १९९४ मध्ये छत्र्यांवर बंदीचा हुकूम निघाला होता, तरी छपरांवरच्या छत्र्या काही उतरल्या नाहीत.

मग वाहिन्या पैसे घेऊ लागल्या, सिग्नल कुलूपबंद झाला आणि कार्ड आले. भारतात डिश टीव्हीची सेवा २००३ मध्ये, दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस डिसेंबर २००४ मध्ये आणि टाटा स्काय २००६ मध्ये सुरू झाली. पूर्वी अडचण फक्त छत्रीच्या आकाराची होती. आता कराराची व कायद्याची आली, आणि आमच्या मते व्यापाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष येथे द्यायला हवे.

डीटीएच कंपनी वाहिनीकडून जे हक्क विकत घेते ते भारतापुरते असतात. आपण रिचार्ज करतो तेव्हा पनवेलच्या पत्त्यावर, भारतात पाहण्यासाठी पैसे भरतो. तेच कार्ड दुबईत चालवणे म्हणजे तेथे ज्या कंपनीने त्याच वाहिनीचे हक्क पैसे मोजून घेतले आहेत तिचा माल फुकट वापरणे. संयुक्त अरब अमिरातीत याकडे स्वामित्वहक्काचा भंग म्हणून पाहिले जाते आणि भारतीय डीटीएचची जोडणी विकणाऱ्या तेथील दुकानांवर छापे पडलेले आहेत. शिवाय अबू धाबीसारख्या शहरात बाल्कनीत छत्री टांगायलाच नगरपालिकेची मनाई आहे. छत्री दिसली की दंड घरमालकाला, आणि घरमालक तो भाडेकरूकडून वसूल करणार. आपला माणूस तेथे व्हिसावर असतो. ज्या गुन्ह्याला इकडे कोणी विचारत नाही त्यापायी तिकडे नोकरी जाऊ शकते. बॉक्स विकून आपल्याला शे-दोनशे रुपये सुटतात. ते सुटताना समोरच्याची किती वर्षांची कमाई पणाला लागते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

फ्री डिशचे काय, असे लोक विचारतात. ती फुकट आहे, महिन्याचा रिचार्ज नाही, त्यामुळे चोरीचा प्रश्न कार्डाइतका येत नाही. पण झोत व गच्ची हे दोन्ही अडथळे तसेच राहतात. ज्याला स्वतंत्र गच्ची आहे व मालकाची परवानगी आहे त्याने करून पाहावे. कॅम्पातल्या माणसाने त्या नादी लागू नये.

आता इंटरनेट. आज तिकडचा बहुतेक कामगार मोबाईलवरच टीव्ही पाहतो, आणि खरे तर त्याच्या निम्म्या गरजेला बॉक्स लागतच नाही. मराठी वृत्तवाहिन्या, उदाहरणार्थ एबीपी माझा, टीव्ही नाईन मराठी, झी २४ तास, यूट्यूबवर चोवीस तास थेट दिसतात. त्याला वर्गणी नाही. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला अर्धा ते एक जीबी डेटा लागतो, तेव्हा खोलीत वायफाय असेल तर उत्तम, नसेल तर चित्राचा दर्जा खाली ठेवावा. हे एवढे करून दाखवणे पाच मिनिटांचे काम आहे, पण अनेकांना ते कोणी दाखवलेलेच नसते.

मालिका व सिनेमे यांसाठी ॲप आहेत, आणि गफलत इथेच होते. भारतात पैसे भरलेले ॲप आखातात उघडले तर तेच कार्यक्रम दिसतील असे नाही, कारण हक्क देशवार विकलेले असतात. क्रिकेटचे तर प्रत्येक मालिकेगणिक बदलते. म्हणून वर्षाची वर्गणी इकडून भरून जाऊ नये. तिकडे पोचून, तिकडच्या ॲपमध्ये काय दिसते ते पाहून, आधी एका महिन्याची भरावी. अमिरातीत टेलिफोन कंपन्यांच्या टीव्ही सेवेतही भारतीय वाहिन्यांची पॅकेजेस असतात. पाच-सहा जण एका खोलीत राहत असतील तर खर्च वाटून ते स्वस्तच पडते आणि पावती मिळते.

येथे कोणीतरी हुशार माणूस व्हीपीएन सुचवतो. फोनला भारतात असल्याचे भासवायचे म्हणजे सगळे खुले. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यात, पत्ता लपवून गुन्हा केल्यास ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद आहे. किमान दंडच आपल्या रुपयांत एक कोटीच्या वर जातो. कंपन्या कामासाठी व्हीपीएन वापरतात तो भाग वेगळा. पण मोबाईलच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये "हे घ्या, सगळे चालेल" म्हणून ते टाकून देणारे आपले काही तरुण आहेत, त्यांनी हा आकडा एकदा वाचावा. तीच गोष्ट "एकदाच पैसे भरा, जगातल्या सर्व वाहिन्या पाहा" असे सांगून विकल्या जाणाऱ्या पेट्यांची. त्या चोरीच्या सर्व्हरवर चालतात. सर्व्हर बंद पडला की पेटी म्हणजे नुसता डबा, आणि तक्रार करायला पावतीही नसते.

घड्याळाचाही विचार करावा. दुबई व मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कुवेत, कतार व बहरीन अडीच तास. इकडची रात्री आठची मालिका दुबईत साडेसहाला आणि रियाधला साडेपाचला लागते. त्या वेळी आपला माणूस साइटवर किंवा बसमध्ये असतो. म्हणजे थेट प्रक्षेपणाचा बॉक्स सगळे अडथळे ओलांडून चाललाच, तरी त्याच्या उपयोगाचा नाही! त्याला हवी असते नंतर सवडीने पाहण्याची सोय, आणि ती ॲपमध्ये असते.

बोटीवर काम करणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी एकच सांगतो : चालत्या जहाजावर साधी छत्री निरुपयोगी असते. तेथे आपोआप फिरणारा अँटेना लागतो आणि तो जहाजाची कंपनीच बसवते.

मग पनवेलच्या कारागिराला यात धंदा कुठे? तो इकडच्या घरात आहे. मुलगा तिकडे, आई-वडील इकडे, आणि टीव्ही बिघडला की मुलगा तिकडून फोन करून हैराण होतो. अशा घरांची वर्षाची देखभाल ठरवून घ्यावी. पावसाआधी छत्रीचे नट आवळणे, गंजलेला कनेक्टर बदलून त्यावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळणे, केबलला खाली वळसा देऊन पाणी घरात न येऊ देणे. मुसळधार पावसात केयू बँडचे चित्र थोडा वेळ जाते ते पावसामुळे, बॉक्स बिघडल्यामुळे नव्हे, हेही म्हाताऱ्यांना समजावून सांगावे. नाहीतर कोणीतरी येऊन चांगला बॉक्स बदलून जातो. पैसे मुलगा तिकडून पाठवतो, कामाचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर जातो. आमच्या परिचिताची अशी घरे आता बरीच झाली आहेत.

ज्याला उपकरण न्यायचेच आहे त्याच्यासाठी दुकानदाराने दोन गोष्टी तपासाव्यात. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे छापलेले आहे का, कारण सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे आणि जुन्या इमारतींत १२७ व्होल्टचा पुरवठा असे. दुसरे, प्लग. आखातात बहुतेक ठिकाणी चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग चालतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. पन्नास-साठ रुपयांचा तुकडा, पण तो विसरला की पहिली रात्र वाया.

तो रियाधचा तरुण शुक्रवारी जुमाच्या नमाजानंतर परत आला. खोलीत सहा जण, गच्चीला कुलूप, खिडकी पश्चिमेला, वायफाय मात्र चांगले. दुकानदाराने त्याला डिशचा बॉक्स दिला नाही. खोलीतल्या टीव्हीला लावायची एक स्टिक, एक प्लग आणि फोनमध्ये तीन वृत्तवाहिन्या काढून दिल्या. मग त्यानेच विचारले, "अम्मीकडे फ्री डिश लावायला कधी याल?" दुकानदार म्हणाले, "तू जा, मी सोमवारी तळोज्याला येतो."