प्रकाश पोहोचण्यापूर्वी

कर्करोगाची गाठ निरोगी ऊतींपेक्षा अधिक आम्लधर्मी असते. याच भेदाचा आधार घेऊन अतिसूक्ष्म कणांवर प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे. रक्तात, म्हणजे ७.४ च्या सामूला, हे कण मिटलेले राहतात, ६.५ च्या आसपास उलगडतात आणि प्रकाश पडताच प्राणवायूला दाहक रूप देऊन पेशी मारतात. परंतु प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो. साहजिकच हा उपचार तोंडातील, आणि तोही वेळीच सापडलेल्या, गाठीला अधिक उपयोगी.

अहमदपूरचा तंबाखू खाणारा शेतमजूर मात्र मजुरी बुडेल म्हणून तोंडातील चट्टा अंगावर काढतो. १९४१ साली परळला सुरू झालेले टाटा रुग्णालय त्याच्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. गावोगावी तोंडाची नियमित तपासणी होणार नसेल, तर विज्ञानाचा हा प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा?