स्पिनोझाचा ईश्वर आणि मानवाचे सुख

ईश्वरावर खरे प्रेम करणाऱ्याला, ईश्वरानेही आपल्यावर प्रेम करावे अशी आकांक्षा धरताच येत नाही, असा एक सिद्धान्त स्पिनोझाने ‘एथिक्स’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात मांडला आहे. श्रद्धाळू मनाला तो कठोर वाटतो; परंतु स्पिनोझाच्या सुखविचाराचे मर्म त्यातच आहे.

१६५६ मध्ये आम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेल्या या तत्त्ववेत्त्याचा हा ग्रंथ १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. देकार्तने मन व शरीर ही भिन्न द्रव्ये मानून ईश्वराला त्यांचा कर्ता ठरविले होते. स्पिनोझाच्या मते द्रव्य एकच; त्याला ईश्वर म्हणावे वा निसर्ग म्हणावे. त्रिकोणाच्या स्वरूपातून त्याचे गुणधर्म जसे अपरिहार्यपणे निष्पन्न होतात, तसे या द्रव्यातून सर्व काही निष्पन्न होते. तेथे हेतू नाही, म्हणून कृपा नाही आणि कोपही नाही. अद्वैत वेदान्ताची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र शांकरमतातील जगाप्रमाणे स्पिनोझाचे जग मिथ्या नाही, हा भेद विसरता कामा नये.

मनुष्यही या नियमाला अपवाद नाही. १६७४ मधील एका पत्रात स्पिनोझा फेकलेल्या दगडाचा दृष्टान्त देतो: त्या दगडाला जाणीव असती, तर आपण स्वेच्छेनेच पुढे जात आहोत असे त्याला वाटले असते. आपल्या इच्छा आपल्याला ठाऊक असतात, त्यांची कारणे ठाऊक नसतात. मनुष्याच्या दास्याचे मूळ या अज्ञानात आहे. उलट, द्वेषाचे वा भयाचे कारण स्पष्टपणे उमगू लागले, की त्या विकाराची पकड सैल होते. स्वातंत्र्य म्हणजे कारणांतून सुटका नव्हे, तर त्यांचे ज्ञान होय.

मग प्रतिसाद न देणाऱ्या ईश्वरावर प्रेम कशासाठी करावे? स्पिनोझाच्या विचारातून निघणारे उत्तर असे, की जेथे प्रतिसादाची अपेक्षा असते तेथे आशा आणि भय येतात, आणि सुख पुन्हा पराधीन होते. पुढे मात्र तो म्हणतो, की मनाचे हे ज्ञानमय प्रेम ईश्वराच्या आत्मप्रेमाचाच अंश आहे. ज्याला त्याने विकाररहित ठरविले, त्याच्या ठायी प्रेम कसे संभवते? येथील प्रेम हा विकार नसून ज्ञानाचाच आनंद आहे असे मानले, तरच या दोन विधानांची संगती लागते.

म्हणूनच ग्रंथाच्या अखेरीस सुखाला तो सदाचाराचे पारितोषिक मानत नाही; सुख आणि सदाचार त्याच्या दृष्टीने एकरूपच आहेत. गाऱ्हाणे ऐकणारा ईश्वर ज्याला हवा, त्याचे समाधान या विचाराने होणार नाही. परंतु ईश्वराकडे काहीही न मागता सुखी होता येते, ही शक्यता त्याने तर्काच्या बळावर उभी केली, हे त्यालाही मान्य करावे लागेल.