तहात राखलेली गावे

8 ऑगस्ट 1803. सकाळीच नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लागल्या. तट उंच, पण पातळ. आतल्या बाजूने उभे राहायला फांजीच नव्हती. शिडीच्या टोकाला पोचलेला शिपाई तिथेच कापला जाई, नाहीतर खाली लोटला जाई. आत दौलतराव शिंद्यांची अरब शिबंदी, बाहेर आर्थर वेलस्लीची फौज आणि तिच्या तोंडाशी 78 वी हायलँडर्स पलटण. त्या पलटणीतल्या कॉलिन कॅम्पबेल नावाच्या लेफ्टनंटाने तलवार मनगटाला अडकवली, दोन्ही हात शिडीला मोकळे ठेवले आणि बुरुजावर पाय रोवून वाट मोकळी केली. (1857 मध्ये लखनौवर चालून गेलेला कॅम्पबेल तो हा नव्हे.) पेठ त्याच दिवशी पडली, किल्ला 12 तारखेला.

ही पलटण उभी केली होती एका कुळाने. 1793 साली फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी या कुळप्रमुखाने स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या आपल्या मुलखातून माणसे जमवली. ज्याला ते ‘क्लॅन’ म्हणतात त्या गेलिक शब्दाचा मूळ अर्थ ‘लेकरे’. प्रमुख हा बाप, जमीन सगळ्यांच्या पोटाची. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

कारण तटाच्या आतले कुळही तसेच होते. शिंदे मूळचे कोरेगावजवळच्या कण्हेरखेडचे पाटील. राणोजी बाजीरावांच्या पदरी वाढले, माळव्याचे सरदार झाले आणि 1730 साली त्यांनी कुलदैवत जोतिबाचे देऊळ बांधले. मुलांची नावे घेताना आजही छाती दडपते: जयाप्पा नागोरला मारले गेले, दत्ताजी बुराडी घाटावर, तुकोजी पानिपतात. नातू जनकोजीही पानिपतातच गेला. उरले महादजी. त्यांनी दिल्लीचा बादशहा तख्तावर बसवला, पण लोक त्यांना ‘पाटीलबाबा’च म्हणत. हे संबोधन मला त्यांच्या सगळ्या किताबांहून मोलाचे वाटते, कारण वतनाशी असलेले नाते त्यात शाबूत आहे.

शिंद्यांच्या दख्खनेतल्या मुलखाचा मध्य होता नगर जिल्ह्यात. चांभारगोंदे, म्हणजे आजचे श्रीगोंदे. गोविंद नावाच्या चांभार संतावरून गावाला ते नाव पडले, असे सांगतात. पारनेर तालुक्यातल्या जामगावात महादजींचा वाडा. नगरचा किल्ला मात्र दौलतरावांच्या हाती उशिरा, 1797 मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्यात नाना फडणीस कैदेत पडले. सहा वर्षांत किल्ला गेलाही.

30 डिसेंबर 1803 चा सुर्जी-अंजनगावचा तह वाचताना मी एका कलमापाशी अडखळलो. असई आणि आडगाव हरलेले, गंगा-यमुनेचा दुआब गेलेला, दिल्ली-आग्रा गेलेले, भडोच गेलेले, नगर गेलेले. आणि त्याच कागदावर शिंद्यांनी घराण्याच्या जुन्या जमिनी एकेक करून नोंदवून घेतल्या आहेत: चांभारगोंदे परगणा, जामगाव, रांजणगाव, अर्धा शेवगाव परगणा, नेवाशातली पाच गावे, पैठणातली पाच, पुण्याकडची सहा, वाईतली दोन. साम्राज्य सोडताना वाईतली दोन गावे मोजून मागणारा माणूस मला हिशेबी वाटत नाही. तो वतनदार वाटतो. कंपनीने गावे परत दिली, पण अट घालून: वसुलासाठी किंवा दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने या गावांत फौज आणायची नाही. जमीन राहिली, तिच्यावरचा शिपाई गेला.

शिड्या लावणाऱ्या कुळाच्या वाट्यालाही सुख आले नाही. मॅकेन्झी प्रमुखाचे चारही मुलगे त्याच्या आधी वारले. 1815 मध्ये तो गेला आणि त्याची सीफोर्थ ही सरदारकी संपली. जमिनी थोरल्या मुलीकडे, मेरीकडे आल्या. तिचा दुसरा नवरा स्ट्युअर्ट-मॅकेन्झी सिलोनचा गव्हर्नर झाला. 1841 मध्ये त्याच्यामागून त्या खुर्चीवर जो आला, तो नगरच्या बुरुजावर चढलेला तोच कॉलिन कॅम्पबेल. तीन वर्षांनी कुळाचे लुईस बेट जेम्स मॅथेसनने विकत घेतले. चीनच्या व्यापारात, अफूत, त्याने पैसा केला होता. ज्यांचे आजे-पणजे प्रमुखाच्या हाकेसरशी पलटणीत गेले, त्या बेटकऱ्यांचा मालक आता एक व्यापारी होता.

शिंद्यांची गावे त्याहून सोळा-सतरा वर्षे अधिक टिकली. 1857 च्या धामधुमीनंतर ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात मुलखाची अदलाबदल ठरली. 1860 च्या तहाने दूरदूरचे तुकडे इंग्रजांकडे आणि त्यांच्या बदल्यात ग्वाल्हेरच्या आसपासचा मुलूख शिंद्यांकडे गेला. कारभाराच्या सोयीने पाहिले तर हा व्यवहार चोख होता. 1803 च्या पराभवातही ज्यासाठी शब्द टाकला, ते चांभारगोंदे या वेळी सोयीसाठी सुटले. श्रीगोंद्याचा वसूल ग्वाल्हेरच्या खजिन्यात जाणे तिथून थांबले.