ऋण काढून शाळा

बातम्यांमध्ये 'राजकोषीय तूट', 'कर्जरोखे' असले शब्द यायला लागले, की आपल्यापैकी बऱ्याच जणी उठून कुकर लावायला जातात. 'ते आपल्याला काय कळायचंय!' असं म्हणून तो विषय घरातल्या पुरुषांवर सोडून मोकळ्या होतात. आता गंमत बघा. घरातली भिशी कोण सांभाळतं? बचत गटाचा हप्ता कोण भरतं? अडीनडीला सोनाराकडे काही ठेवायची वेळ आली, तर बांगड्या कोणाच्या जातात? कर्ज म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. मग सरकारनं कर्ज काढलं, तर ते कशासाठी काढलं, हा साधा प्रश्न विचारायला आपण का बिचकतो?

हे डोक्यात आलं ते शेजारच्या वहिनींमुळे. त्यांच्या मुलीचं जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलं होतं. पहिलीचा वर्ग तिनं पाहिलाच नाही. दुसरीचंही अर्धंअधिक वर्ष घरातच गेलं. आता ती वरच्या वर्गात आहे, चुणचुणीत आहे, पण धडा वाचायला बसली की अजून अडखळते. वहिनी म्हणाल्या, "कोरोनात दोन वर्षं गेली हो! कोणाचा काय इलाज होता?"

रोगावर इलाज नव्हता, हे खरंच. पण पैसे आधी कशाला द्यायचे आणि कुलूप आधी कशाचं काढायचं, हे माणसंच ठरवत होती. त्यावर तेव्हा भरपूर वादही झाले. फक्त ते दोन वेगवेगळ्या खोल्यांत झाले. कर्जाचा वाद अर्थतज्ज्ञांच्या खोलीत आणि शाळेचा वाद आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मधलं दार कोणी उघडलंच नाही.

आधी कर्जाचं बघू. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकार बाजारातून ७ लाख ८० हजार कोटी रुपये उचलणार होतं. मार्चमध्ये टाळेबंदी आली, दुकानं-कारखाने बंद पडले, कर आटला. मे महिन्यात तोच आकडा १२ लाख कोटींवर नेला. देशाचं वर्षाचं सगळं उत्पन्न शंभर रुपये धरलं, तर त्यातले साडेतीन रुपये उसने घेऊन भागवायचं ठरलं होतं. वर्ष संपेपर्यंत ते नऊ रुपयांच्या वर गेले.

यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरा, नाहीतर जगात पत जाईल. १ जून २०२० ला 'मूडीज' या संस्थेनं भारताची पत एक पायरी खाली आणलीच. दुसरा तट म्हणाला, घरात आजारपण असताना अंथरुणाची लांबी कोण मोजतं? अमर्त्य सेन, रघुराम राजन आणि अभिजित बॅनर्जी यांनी एप्रिल २०२० मध्येच एकत्र लेख लिहून सांगितलं होतं, की गरिबांसाठी आत्ता हात सैल सोडा. आपल्याकडे पृथ्वीराज चव्हाण यांनी देवस्थानांकडचं सोनं सरकारनं व्याजानं घ्यावं असं सुचवलं, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवतंय ना? सोन्याचा विषय निघाला म्हणून तेवढ्यापुरत्या आपणही टीव्हीसमोर बसलो होतो.

पुढे भांडण लागलं ते केंद्र आणि राज्यांत. जीएसटी आल्यावर राज्यांचं उत्पन्न घटलं, तर पाच वर्षं भरपाई देण्याचं वचन केंद्रानं दिलं होतं. २७ ऑगस्ट २०२० ला जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कोरोनाला 'देवाची करणी' म्हटलं आणि राज्यांना कर्ज काढायचे पर्याय दिले. राज्यं म्हणाली, वचन तुमचं, मग कर्ज आमच्या नावावर का? अगदी थोरल्या-धाकट्या जावांचं व्हावं तसं! शेवटी ऑक्टोबरमध्ये १ लाख १० हजार कोटी रुपये केंद्रानंच काढून राज्यांना द्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी आणखी १ लाख ५९ हजार कोटी काढले. ते फेडण्यासाठी जीएसटीवरच्या भरपाई उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

या सगळ्यात शाळा कुठे होती? हाच तर माझा प्रश्न आहे.

मे २०२० मध्ये केंद्रानं राज्यांची कर्जाची मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली. त्या जास्तीच्या कर्जातला बराचसा भाग अटी घालून दिला. अटी चार. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना राबवा, उद्योगांचे परवाने सोपे करा, वीज वितरण सुधारा आणि नगरपालिकांचं उत्पन्न वाढवा. चारही कामं गरजेची, नाही कोण म्हणतंय? पण देशभरातल्या शाळा बंद असताना पाचवी अट शाळेची असावी, असं कोणाला वाटलं नाही.

आपल्या राज्यातही मे २०२० मध्ये विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला, नवी भरती थांबवली. प्राधान्य मिळालं ते आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत व पुनर्वसन, अन्नपुरवठा आणि अन्न व औषध या खात्यांना. ते बरोबरच होतं. पण शालेय शिक्षण त्या यादीत नव्हतं. आणि त्याच दिवसांत सरकारच्या तिजोरीत महसूल यावा म्हणून दारूची दुकानं उघडली. त्या रांगांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत.

पुढचा क्रम बघा. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले, थिएटरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, देवळं पाडव्याला. नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले २३ नोव्हेंबरला, तेही जिथे स्थानिक प्रशासनानं होकार दिला तिथेच. पाचवी ते आठवीला २७ जानेवारी २०२१ उजाडला. आणि पहिली ते चौथी? त्यांचा नंबर आलाच नाही. त्याआधी १५ जानेवारीला चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. मतदान कुठे झालं? बहुतेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेत! आजोबा-आजी त्याच वर्गात रांग लावून मत देऊन आले, ज्या वर्गात त्यांच्या नातवाला बंदी होती.

भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या लाटेत प्रत्येक गल्लीतलं कोणी ना कोणी गेलं. त्या एप्रिलमध्ये 'शाळा उघडा' असं म्हणायची माझीही छाती झाली नसती. ऑगस्ट २०२१ मध्ये शिक्षण खात्यानं १७ तारखेपासून शाळा सुरू करायचं जाहीर केलं, तेव्हा डॉक्टरांच्या टास्क फोर्सनं मुलांच्या काळजीपोटीच विरोध केला आणि निर्णय थांबला. शाळा सुरू झाल्या ४ ऑक्टोबरला आणि छोट्यांचे वर्ग डिसेंबरात. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप लागलं, ते २४ तारखेपासून निघायला लागलं. वाद होता तो 'उघडा' आणि 'उघडू नका' एवढाच. उघडायच्या तर त्यासाठी काय लागेल आणि त्याचे पैसे कोण देईल, यावर बोलणं फार थोडं झालं.

काय लागलं असतं हो? तुकड्या पाडायला जास्तीचे शिक्षक, मोकळ्या हवेच्या खोल्या, व्हरांड्यावर पत्रा, हात धुवायला नळ, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी फोन. आणि येण्या-जाण्याची सोय. आठवतंय का, शाळा उघडल्या आणि ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, वेळेवर पगार द्या, ही कर्मचाऱ्यांची मागणी. तो संप एप्रिलपर्यंत चालला. आमच्या तालुक्याच्या गावी आसपासच्या खेड्यांतून हायस्कूलला येणाऱ्या मुली वडाप आणि दुधाच्या गाड्यांनी यायच्या. ज्यांना घरून तसं पाठवत नव्हते, त्या घरीच राहिल्या. शाळेचं दार उघडून भागत नाही, तिथपर्यंत जायला पैसा लागतो, तो असा.

सरकारनं शाळेसाठी कर्ज काढलं नाही, म्हणून ते आपण काढलं. कर्नाटकातल्या एका आईनं मुलांना टीव्हीवरचे पाठ दिसावेत म्हणून मंगळसूत्र गहाण ठेवल्याची बातमी जुलै २०२० मध्ये आली होती. आपल्याकडे सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, पण घरात टीव्ही तर हवा! ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली, ती मार्च २०२१ पर्यंत होती. म्हणजे आपल्या कपाटातल्या डब्यावर जास्त कर्ज मिळायला लागलं. आमच्या गटातल्या एकीनं त्या वर्षी सात हजार उचलले. आमच्या गटाच्या वहीत प्रत्येक कर्जापुढे कारण लिहावं लागतं. तिनं लिहिलं, 'मुलाचा मोबाईल, शाळेसाठी.' त्या पानावर तसल्या चार नोंदी आहेत.

सरकारची वही उघडून बघितली, तर काय दिसतं? २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं शालेय शिक्षणाला ५९ हजार ८४५ कोटी रुपये दिले होते. २०२१-२२ साठी, शाळा उघडायच्या, मुलांची मागे पडलेली अक्षरओळख भरून काढायची त्या वर्षी, दिले ५४ हजार ८७४ कोटी. कर्ज वाढलं आणि शाळेचा वाटा घटला. कर्ज वाया गेलं असं मी म्हणत नाही. त्यातून रेशनवर फुकट धान्य मिळालं, लस मिळाली, आणि त्यावर कितीतरी घरं तरली. पण घर सावरण्यासाठी कर्ज काढताना मुलांचं शिक्षण विसरायचं, असं आपण कोणी केलं असतं का?

त्याचे परिणाम मोजलेलेही आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब घरांतल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली ८ टक्के. ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबलेला. आणि पालकांना काय हवं होतं? खेड्यांतल्या ९७ टक्के पालकांना शाळा लवकरात लवकर उघडायला हव्या होत्या. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २७ टक्के होती, २०२२ मध्ये ती साडेवीस टक्क्यांवर आली.

पण त्याच पाहणीत २०२४ मध्ये हा आकडा परत २७ टक्क्यांवर गेलेला दिसतो. म्हणजे शाळा नीट चालू राहिली आणि वाचनावर भर दिला, की गाडी रुळावर येते. मात्र ही नवी तिसरी. कोरोनात पहिली-दुसरीत असलेली मुलं तर पुढे निघून गेली. त्यांना कोणी मागे वळून मोजत नाही. आणि आणखी दहा-पंधरा वर्षांनी ती कमवायला लागतील, तेव्हा त्या वर्षांतल्या कर्जाचं व्याज त्यांच्याच करातून जाणार आहे. ज्यांच्यासाठी ते खर्चलं नाही, फेडायचं मात्र त्यांनी!

मग आपण काय करायचं? दिल्लीच्या अर्थसंकल्पावर आपला हात नाही, पण गावातल्या शाळेवर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. त्यात आपलं नाव नुसतं सहीपुरतं आहे का, ते बघा. शाळेला पटसंख्येनुसार दरवर्षी अनुदान येतं. ते किती आलं, कशावर गेलं, हे बैठकीत विचारा. वरच्या वर्गात जाऊनही अडखळत वाचणारी मुलं शाळेत किती आहेत, ते सरांना-बाईंना मोजायला सांगा आणि त्यांच्यासाठी रोज अर्धा तास मागा. ग्रामसभेत रस्ता आणि गटाराच्या यादीत शाळेचा नळ आणि एसटीची वेळ घाला.

आणि पुढच्या वेळी बातम्यांत कर्जाचा आकडा आला, की कुकर पाच मिनिटं थांबू द्या. आकडा कितीही मोठा असो, तो घाबरवण्यासाठी नसतो. आपण गटात विचारतो तोच प्रश्न तिथेही विचारायचा. घेतलंत ते ठीक, पण वहीत कारण काय लिहिलंत?